वीस पिशव्या, एक शेत

मातीचा नमुना कसा घ्यायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. शेतात नागमोडी चालायचं, आठ-दहा ठिकाणं धरायची. वरचा काडीकचरा सारून इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खड्डा घ्यायचा, त्यातली माती फेकून द्यायची आणि मग खड्ड्याच्या कडेची, वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची माती खुरप्याने कापून घमेल्यात घ्यायची. सगळ्या खड्ड्यांतली माती गोणपाटावर कालवायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेल्याचे पुन्हा चार. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. बांधालगत, झाडाखाली, विहिरीपाशी, उकिरड्याच्या जागी, जनावरं बसतात तिथे नमुना घ्यायचा नाही. फळबाग लावायची असेल तर वीतभर खड्डा कामाचा नाही; तीन फूट खोल जायचं आणि फुटाफुटाच्या थराची पिशवी वेगळी भरायची.

2011च्या जुलैत हे सगळं मी डायरीत सुवाच्य अक्षरात लिहिलं. खड्ड्याची आकृती काढली, तपकिरी स्केचपेनने रंगवली. गटात सर्वांत जास्त गुण त्या डायरीला मिळाले. ज्या तारखेखाली ते पान आहे, त्या दिवशी आम्ही एकही खड्डा खणला नव्हता.

मी कृषी पदवीला गेले ती शेतीसाठी नव्हे, हे आधी सांगायला हवं. बारावीला लातूरला क्लास केले, डॉक्टर व्हायचं होतं, मार्क कमी पडले. वडील एसटीत वाहक. खासगी कॉलेजची फी त्यांच्या तिकिटांच्या पेटीत मावणारी नव्हती. मामा म्हणाले, ‘ॲग्री घे. एमपीएससीला बघ, निम्मी यादी ॲग्रीवाल्यांची असते.’ आजोबांच्या नावावर अडीच एकर होतं, त्या सातबाऱ्याचे जादा गुण धरून प्रवेश मिळाला. ती जमीन बटईने दिलेली होती. मी तिथे तोवर फार तर चारदा गेले असेन, त्यातली दोन वेळा हुरडा खायला. म्हणजे शेतकऱ्याची मुलगी म्हणून मिळालेले ते गुणसुद्धा तसे उसनेच.

पहिल्या आठवड्यात सीनियरने सांगितलेलं वाक्य मी चार वर्षं पाळलं: ‘इथे डिग्री करायची नाही, डिग्री करता करता एमपीएससी करायची.’ मग विषय दोन प्रकारचे झाले, स्पर्धा परीक्षेला येणारे आणि न येणारे. मृदाशास्त्र पहिल्यात, पण पुस्तकातलं. काळ्या जमिनीचा सामू किती, स्फुरद काढायला ऑल्सेनची पद्धत कधी आणि ब्रेची कधी, सेंद्रिय कर्ब वॉकले-ब्लॅकने कसा मोजतात, हे तोंडपाठ. प्रात्यक्षिक दुसऱ्यात.

कीटकशास्त्राला कीटकांची पेटी करून द्यावी लागते. किडे पकडायचे, मारायचे, पंख पसरून टाचणीवर लावायचे आणि खाली नाव, पीक, ठिकाण, तारीख लिहायची. माझी पेटी दोन वर्षांनी पुढे असलेल्या मुलीची होती. मी फक्त चिठ्ठ्या बदलल्या. त्यातल्या नाकतोड्याचा एक पाय तिच्याही आधीच कधीतरी गळून पडला होता, म्हणजे ती पेटी तिचीही नसणार. पीक उत्पादनाच्या तासाला प्रत्येकाला छोटा प्लॉट मिळायचा. नांगरटीपासून काढणीपर्यंत सगळं आपल्या हातांनी करायचं आणि हिशेब ठेवायचा. माझा हरभरा कॉलेजच्या शेतावर कामाला येणाऱ्या एका मावशीने खुरपला, दर वेळी पन्नास रुपये घेऊन. हिशेबाच्या वहीत ‘निंदणी – स्वतः’ असं लिहिलेलं आहे. एकदा त्या मावशींनी मला विचारलं, ‘ताई, घाटे अळी लागलीय, सरांना सांगायचं का?’ मी म्हणाले, ‘असू द्या, मार्क पेरणीला जास्त आहेत.’ हे मला विनोदी वाटलं होतं.

यात सगळा दोष माझाच होता असं म्हणणं म्हणजेही एक प्रकारचा टेंभा. ज्या व्यवस्थेत खड्डा खणणाऱ्याला आणि खड्ड्याची आकृती काढणाऱ्याला सारखेच गुण मिळतात, तिथे बहुतेक जण आकृतीच काढतील. पण आमच्या वर्गात खणणारेही होते. ते ज्वारीच्या पोंग्यात बोट घालून खोडमाशी दाखवायचे आणि आम्ही त्यांना ‘गावठी’ म्हणायचो. हे कुठल्या अभ्यासक्रमाने मला शिकवलेलं नव्हतं.

सातव्या सत्रात ‘रावे’. म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. एक खरीप हंगाम गावात राहायचं, शेतकऱ्यांबरोबर काम करायचं, त्यांना शिकवायचं आणि त्यांच्याकडून शिकायचं. मुलांना कृषीदूत म्हणतात, मुलींना कृषीकन्या. आम्हा पाच कृषीकन्यांना जालना जिल्ह्यातलं एक गाव मिळालं. मोसंबीचा पट्टा. गावात एक खोली भाड्याने घेतली. बियाण्याला रायझोबियम चोळून दाखवणे, पाच टक्के निंबोळी अर्क, एक टक्का बोर्डो मिश्रण अशी प्रात्यक्षिकं केली. प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या आधी आम्ही बॅनर बांधायचो, नंतर फोटो, आणि मग तालुक्याच्या वार्ताहराकडे मजकूर: ‘कृषीकन्यांनी दिले शेतकऱ्यांना मार्गदर्शन’. बोर्डो मिश्रणात मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून मगच एकत्र करायचे असतात. आम्ही फोटोच्या घाईत एकाच बादलीत ओतले. निळा चोथा तळाशी बसला. फोटोत बादलीचा तळ दिसत नाही.

मातीचे वीस नमुने आणायचे होते. यादीतले एकोणीस शेतकरी आम्ही ग्रामपंचायतीत बसून ठरवले. विसावे स्वतः आले. त्यांना गावात नाना म्हणत, आम्हीही नानाच म्हणायचो. नमुने घ्यायच्या आदल्या संध्याकाळी खोलीच्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत. म्हणाले, ‘मला मोसंबी लावायचीय दोन एकर. मपल्या रानाची माती आधी बघा. उद्या मी दिवसभर रानातच हाये, कवाबी या.’

त्यांचं रान ओढ्यापलीकडे, अडीच-तीन किलोमीटरवर. सकाळपासून पाऊस होता. काळ्या रानातला चिखल चपलेला धरतो आणि सोडत नाही. अर्ध्या वाटेत एकीची चप्पल तुटली. ओढ्याला पाणी होतं, गुडघाभर असेल. आम्ही परत फिरलो आणि रस्त्यालगतच्या एका शेतात, आंब्याखाली थांबलो. कल्पना कोणाची हे आता कोणी सांगत नाही. मी सांगते, माझी होती. त्या एकाच शेतातून वीस पिशव्या भरल्या. आकडे सारखे येऊ नयेत म्हणून मी डोकंही लावलं: चार पिशव्या बांधाजवळून, दोन आंब्याखालून, तीन उकिरड्याकडून, बाकीच्या इकडून तिकडून. म्हणजे जिथून नमुना घेऊ नये अशा सगळ्या जागा मला पाठ होत्या, त्याचा मी असा उपयोग केला. एक तासात काम झालं. पिशव्यांवर नावं घातली. नानांच्या नावाची पिशवी माझ्या अक्षरातली.

प्रयोगशाळेने काहीच खोटं केलं नाही. तिच्यापुढे जी माती आली, तिचं तिने खरंच सांगितलं. नानांच्या कागदावर आलं: सामू 7.8, क्षार कमी, सेंद्रिय कर्ब मध्यम, मुक्त चुना 4.5 टक्के. अहवालवाटपाचा कार्यक्रम झाला, सरपंचांनी नारळ फोडला, बातमीही आली. कार्यक्रम संपल्यावर नानांनी कागद उलटसुलट करून विचारलं, ‘मग लावू का मोसंबी?’

तेव्हा तरी मी काहीतरी गुळमुळीत बोलू शकले असते. ‘एकदा पुन्हा तपासून घ्या’ एवढं म्हणायला हरकत नव्हती. पण प्रश्न माझ्या तयारीतला होता. मी ताठ मानेने म्हणाले, ‘मोसंबीला मुक्त चुना दहा टक्क्यांच्या आत लागतो. तुमचा साडेचारच आहे. बिनधास्त लावा.’ शेजारी उभ्या सरांनी मान डोलावली. मला वाटलं, शिकल्याचं चीज झालं.

पुढची काही वर्षं पटकन सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. पदवी, मग पुण्यात सदाशिव पेठेतली अभ्यासिका, मेसचा डबा, कृषी सेवेच्या परीक्षेचे तीन प्रयत्न. एकदा मुलाखतीपर्यंत पोचले. एका सदस्याने रावेचं गाव विचारलं आणि म्हणाले, ‘तिथे तीन फुटांवर काय लागतं?’ मी म्हणाले, ‘जमीन मध्यम काळी आहे, सर.’ ते म्हणाले, ‘ते वर. खाली?’ मी मुरूम म्हणून ठोकून दिलं. ते हसले, ‘असेल.’ निवड झाली नाही. त्या एका उत्तराने गेली असं नाही, गुणच कमी होते. 2015मध्ये बँकांच्या परीक्षेतून कृषी क्षेत्र अधिकारी झाले. घरात पेढे वाटले. पद ‘कृषी’चं, काम कर्जाच्या फाइलींचं.

2017च्या मेमध्ये बदली होऊन मी जालना जिल्ह्यातल्या एका शाखेत आले. जूनमध्ये राज्य सरकारने कर्जमाफी जाहीर केली: थकबाकीदारांना दीड लाखापर्यंत माफ, त्याहून जास्त थकीत असेल तर वरची रक्कम शेतकऱ्याने आधी भरायची, मग सरकारचे दीड लाख जमा. शाखेत रोज शंभर माणसं. आम्ही जुन्या फाइली उपसून कोण कशात बसतं ते पाहत होतो. त्यात एक मध्यम मुदतीची फाइल निघाली, फळबाग लागवड, 220 झाडं. थकबाकी दोन लाख दहा हजार. मागे जोडलेल्या कागदांत एक झेरॉक्स होती. मी आकडे आधी वाचले, 7.8 आणि 4.5, आणि नाव नंतर. खाली ‘नमुना घेणार’ या रकान्यात माझी सही, तेव्हाची, गोल गोल अक्षरांची.

पहिला विचार काय आला ते लिहिते, कारण नाही लिहिलं तर हे सगळं लिखाण पुन्हा त्या डायरीसारखं होईल. पहिला विचार हा आला की, हे इथे कोणाला ओळखू येईल का? दुसरा, की 2012 आणि 13च्या दुष्काळात जालन्यातल्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. ही बागही त्यातच गेली असेल. दुष्काळाला सगळं खपतं. तिसरा सबबीचा. मृदा आरोग्य पत्रिकेत तरी काय, कोरडवाहू रानात दहा हेक्टरांना मिळून एकच नमुना घेतात. चार दिवस मी या तीन विचारांवर काढले. पाचव्या दिवशी दुसऱ्या एका पाहणीसाठी त्याच गावाला जायचं होतं म्हणून गेले. नाहीतर गेले असते की नाही, खात्रीने सांगता येत नाही.

जाताना शाखेच्या मोरीतलं फरशी धुवायचं ॲसिड पाण्यात पातळ करून डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत घेतलं. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकायचे, चुना असेल तर फसफसतं. पहिल्या वर्षाचं पहिलं प्रात्यक्षिक. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, अहवाल लागत नाही, नारळ तर नाहीच नाही.

पण बाटली काढायचीही गरज पडली नाही. नानांच्या रानाला जाताना ओढ्याची दरड लागते. तिथे जमीन उभी कापल्यासारखी दिसते: वर फूट-सव्वा फूट काळी माती आणि खाली पांढरट, खडेच खडे. चुनखडी. ओढ्याच्या अलीकडे आंब्याचं शेत, पलीकडे हे. ओढा ओलांडला की समोरच दिसत होतं. 2011ला ओढा ओलांडला असता तर पाचही जणींना दिसलं असतं. तपासणी बाजूलाच राहू द्या, नुसतं पोचायला हवं होतं.

दुष्काळात बाग वाळली नव्हती. हे मी मनात धरलंच नव्हतं. नानांनी 2013च्या उन्हाळ्यात टँकर लावले होते. विहीर आटली, बायकोचं पाटल्या-डोरलं गहाण पडलं, झाडामागे दोन घागरी याप्रमाणे पाणी घालून त्यांनी बाग जगवली, का, तर जमीन चांगली आहे असा कागद होता. पाऊस येईल, मग झाडं उसळी घेतील. 2016ला पाऊस चांगला झाला. झाडांनी उसळी घेतली नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. जुन्या पानांऐवजी नव्या पानांवर पिवळेपणा येतो तेव्हा नत्र नाही, लोह कमी पडतंय असं समजायचं. आणि चुनखडीच्या जमिनीत लोह नसतं असं नाही. असतं, पण चुन्यामुळे अशा रूपात अडकतं की मुळांना उचलता येत नाही. दुकानदाराने आधी युरिया दिला, मग हिराकस. नानांनी शेणखतात कालवून हिराकस आळ्यात टाकलं. त्यातलं बरंचसं जमिनीत पडल्या पडल्या पुन्हा अडकत गेलं असणार. शेंड्याकडून फांद्या वाळत आल्या होत्या, जागोजागी सल. 220पैकी 90 झाडं उभी, त्यांना लिंबाएवढी फळं.

मी त्यांना सांगितलं. बांधावर बसून, सगळं. एकच शेत, वीस पिशव्या, आंबा, उकिरडा. मध्ये दोनदा मी ‘आम्ही’ म्हणाले आणि ‘मी’ अशी दुरुस्ती केली. नाना खाली बघत खडे वेचत होते, पांढरे.

म्हणाले, ‘त्या दिवशी मी दिवस मावळेस्तोर इथंच बसलो व्हतो. घरून चहा आणला व्हता किटलीत. पाच कप.’

मला काही सुचेना. मी विचारलं, ‘मग रिपोर्ट आला तेव्हा तुम्ही काही बोलला कसे नाहीत?’

‘वाटलं, मी जेवायला गेलो तवा येऊन गेल्या आसत्याल.’ मग थोडा वेळ गेला. ‘तसं बी नाई. जेवायला गेलोच नव्हतो. पण मला मोसंबी लावायची व्हती ना, माय. कागदावर हो लिहिलेलं व्हतं.’

या वाक्याने मला क्षणभर हलकं वाटलं. वाटा निघाला ना, थोडा त्यांच्याकडे गेला. बँकेत चार महिने वाटणीच्याच फाइली पाहत होते, त्याची सवय असेल. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की मी वाटा मोजत होते.

वरचे साठ हजार भरल्याशिवाय त्यांना माफी लागू होत नव्हती. ते मी भरावेत असं मनात आलं, हे खरं. भरले नाहीत, हेही खरं. बहिणीचं लग्न तोंडावर होतं, हे कारण होतं की निमित्त, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनी एक बैलजोडी विकली आणि भावाकडून काही घेतलं. हिवाळ्यात झाडं काढली. आमच्या पाच जणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सगळं लिहून टाकलं. दोघींनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकीने लिहिलं, ‘तेव्हा सगळेच करायचे गं.’ चौथी आज एका कृषी महाविद्यालयात शिकवते, तिने वाचल्याची निळी खूण आहे, उत्तर नाही. बाकीच्या एकोणीस नावांपैकी दोघांना मी भेटले. एकाने तो कागद कधी उघडूनच पाहिला नव्हता. त्याच्याइतका आनंद मला बऱ्याच दिवसांत कोणी दिला नव्हता.

झाडं निघाल्यावर फेब्रुवारीत नानांनी शाखेत निरोप पाठवला. रान मोकळं झालंय, त्यात पुढे काय घ्यावं ते बघायचंय, नमुना कसा घेतात ते एकदा दाखवा. रविवारी गेले. त्यांच्या नातवाने टिकावाने तीन फूट खड्डा घेतला, मी फुटाफुटाला खूण केली. वरची पिशवी काळी, मधली करडी, खालची जवळजवळ पांढरी. ड्रॉपरमधून दोन थेंब टाकले, तळाच्या मातीवर दूध उतू जावं तसा फेस आला. नातू म्हणाला, ‘अजून टाका ना.’ प्रत्येक पिशवीसाठी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एक आत आणि एक बाहेर बांधायला. नानांनी दोन का ते विचारलं. एक भिजली तर दुसरी राहते, म्हणून सांगितलं. त्यांनी दोन्ही माझ्याकडून घेऊन नाव, गट नंबर, खोली नीट वाचून पाहिली.

मी म्हणाले, ‘उद्या मला तालुक्याला जायचंच आहे, प्रयोगशाळेत टाकते.’

नानांनी तिन्ही पिशव्या उपरण्यात बांधल्या. ‘राहू द्या,’ म्हणाले. ‘सकाळच्या गाडीनं मीच जातो घेऊन.’